संगणकाची तुकडेजोड

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत (जुन्या माणसांच्या तोंडीं अजून 'नगर'च) 'तुकडेजोड' हा शब्द शेतकऱ्यांस नवा नाहीं. वांटण्या होतां होतां एकाच खातेदाराची जमीन चार ठिकाणीं विखुरली, कीं औत घेऊन या बांधावरून त्या बांधावर जाण्यांतच अर्धा दिवस सरतो. ही अडचण दूर व्हावी म्हणून १९४७ सालीं मुंबई प्रांतांत तुकडेबंदीचा व तुकडेजोडीचा कायदा झाला. संगणकाच्या हार्ड डिस्कवरहि हाच प्रकार घडतो. मोठी फाइल सांठवावयाची आहे आणि सलग जागा मोकळी नाहीं, म्हणजे संगणक तिचे तुकडे करून मिळेल तेथें ठेवितो. पुढें ती वाचतांना, मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणाऱ्या दांड्यास एका तुकड्यापासून दुसऱ्याकडे धांवावें लागतें. एका धांवेस सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. तुकडे हजारों झाले म्हणजे माणूस कंटाळतो.

हे तुकडे सांधण्याच्या क्रियेस डिफ्रॅगमेंटेशन म्हणतात. त्यासाठीं कोणतें सॉफ्टवेअर निवडावें, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वीं आमच्यापुढें आला.

आमचा संगणक २०१२ सालचा. आमच्या कैलासवासी वडील बंधूंनीं केलेलें गीतेच्या अठराहि अध्यायांचें पठण त्यांत सांठविलेलें होतें. यंत्र मंद चालूं लागलें, तेव्हां एका दुकानदारानें वार्षिक वर्गणीचें एक सॉफ्टवेअर आम्हांस दिलें. त्यानें पडद्यावर डिस्कचा नकाशा काढला. त्यांतील चतुर्थांश भाग तांबडा! विंडोजचें स्वतःचें साधन मात्र सर्व ठीक असल्याचें सांगत होतें. आम्ही तांबड्या रंगास भ्यालों व रात्रभर तें सॉफ्टवेअर चालूं ठेविलें. पहांटे यंत्रांतून टक्‌टक् असा आवाज येऊं लागला आणि सकाळीं डिस्क उघडेना.

पुण्यास संगणकशास्त्र शिकणारी आमची पुतणी सुटींत आली होती. "काका, तुम्ही आधीं नक्कल काढून ठेवली होती ना?" हा तिचा पहिला प्रश्न. आम्ही निरुत्तर झालों. डिस्क मंद झाली होती ती तुकड्यांमुळें नव्हे, तर ती मरणास टेकली होती म्हणून, असें तिनें तपासून सांगितलें. अशा डिस्कला रात्रभर पळविणें म्हणजे दम्याच्या रोग्यास चांदबिबीच्या महालाची टेकडी चढावयास लावणें होय.

तांबड्या रंगाचा उलगडाहि तिनेंच केला. व्हिस्टापासून पुढें विंडोजचें साधन ६४ मेगाबाइट वा त्याहून मोठ्या तुकड्यांस तुकडे म्हणून मोजीतच नाहीं. कारण एवढा तुकडा वाचण्यास लागणाऱ्या वेळापुढें दोन तुकड्यांमधील धांव नगण्य असते. दुकानदाराच्या सॉफ्टवेअरनें तेहि मोजले. त्या तांबड्या पट्ट्या बहुतेक बंधूंच्या लांबलचक ध्वनिमुद्रणांच्याच होत्या. त्यांस हात लावण्याचें कारणच नव्हतें!

'घरचें साधन फुकटचें, म्हणून कमअस्सल' असा आमचा समज होता. वास्तविक विंडोज ९५ मधील साधन सिमँटेक कंपनीकडून घेतलेलें, आणि २००० व एक्सपी या आवृत्त्यांतील तर डिस्कीपर विकणाऱ्या कंपनीकडूनच! २००७ सालीं बाजारांत आलेली व्हिस्टा हें काम आठवड्यास एकदां आपण होऊन करूं लागली.

तेव्हां प्रथम डिस्कची जात पाहावी. विंडोजच्या त्या साधनांतच ती लिहिलेली असते. एसएसडी असेल तर तबकडीच नाहीं, मग धांव कुठली? तेथें तुकडे सांधून वेग वाढत नाहीं, पुनःपुन्हां लिहिल्यानें झीज मात्र होते. विंडोज ८ पासूनचें साधन अशा डिस्कला मुख्यतः कोणत्या जागा रिकाम्या झाल्या तें कळवितें. त्यास 'ट्रिम' म्हणतात. एसएसडीसाठीं डिफ्रॅगमेंटेशन विकूं पाहणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा.

डिस्क तबकडीची असेल तर विंडोजचें साधन पुरे. एखादीच फाइल सांधावयाची असेल तर डिफ्रॅगलर बरें; तें डिस्कची प्रकृतीहि दाखवितें. आज्ञा टंकित करण्याचा कंटाळा नसेल त्यांस मार्क रसिनोविच यांचें कॉन्टिग आहे. वर्षाची वर्गणी आम्हांस तरी अनाठायीं वाटते. मात्र कांहींहि चालविण्यापूर्वीं सर्व मजकुराची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि डिस्क स्वतः ठेवीत असलेल्या 'स्मार्ट' नांवाच्या नोंदी पाहाव्या. त्यांत बाद होऊन बदललेल्या जागांचा आंकडा वाढत असेल, तर तुकडेजोडीच्या नादीं न लागतां डिस्कच बदलावी.

पुण्याच्या एका जाणकारानें आमच्या डिस्कवरून अकरा अध्याय परत मिळविले. पंधरावा आमच्या भगिनीच्या मोबाइलमध्यें निघाला. विश्वरूपदर्शनाचा अकरावा अध्याय बंधू सर्वांत आवडीनें म्हणत. तो कोठेंच मिळाला नाहीं.