धंदा त्याचा, आळ तिच्यावर

मांत्रिक, देवऋषी, भगत, पंचाक्षरी, कोकणातला घाडी. मंत्रतंत्र करणाऱ्या पुरुषांसाठी मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. यांतला प्रत्येक शब्द धंद्याचा आहे, दारावर पाटी लावावी असा. आता चेटकीण, डाकीण, डहाणू-तलासरीकडची भुताळी हे शब्द घ्या. 'मी डाकीण आहे, मंगळवारी-शुक्रवारी भेटा' असं सांगणारी बाई कुणी पाहिली आहे? देवऋष्याचं नाव देवऋषी स्वतः लावतो, डाकिणीचं नाव गाव लावतं. 'चेटक्या' कोशात आहे, बोलण्यात क्वचितच. अंगात येणाऱ्याला मात्र, बाई असो की बुवा, 'झाड' म्हणतात. तिथे आपण सरळ नपुंसकलिंगावर आलो!

रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी. रंगभूमीवर चेटकीण व्हायला पुरुष हौसेने तयार होतात. पाड्यावर ती हौस कुणालाच परवडत नाही.

पोर तापाने फणफणलं, म्हैस आटली की लोक भगताकडे जातात. तो सुपात दाणे टाकतो, चिमटीने जोड्या लावतो, उरलेल्या दाण्यावरून दोष सांगतो. दोष निघाला की 'कुणी केलं?' हा प्रश्न येतोच, आणि बोट बहुधा एकट्या बाईकडे वळतं: विधवा, निपुत्रिक, कधी नवऱ्यामागे जमिनीचा तुकडा राखून असलेली. भगताला पैसे, कोंबडी, दारू मिळते. तिला मार, दंड, गावबंदी, कधी मरण. शक्ती दोघांकडे आहे असंच गाव मानतं, पण दक्षिणा एकालाच.

कायदे करणाऱ्यांनीही गावाचे शब्द जसेच्या तसे उचलले. बिहारच्या १९९९ च्या कायद्यात 'डाइन' म्हणजे तसा आळ आलेली स्त्री. राजस्थानच्या २०१५ च्या कायद्यातही स्त्रीच. छत्तीसगडने २००५ मध्ये 'टोनही'च्या, म्हणजे तिकडच्या चेटकिणीच्या, व्याख्येत पुरुषालाही जागा दिली, ते शहाणपणाचं. कारण आळ आला की नवराही मारला जातो, कधी अख्खं कुटुंब.

आसामच्या गोलपाडा जिल्ह्यातल्या बिरुबाला राभा यांचा मुलगा आजारी होता. तो तीन दिवसांत मरणार, असं मांत्रिकाने सांगितलं. मुलगा जगला. मांत्रिकाचा शब्द खोटा ठरतो हे या बाईंनी घरातच पाहिलं आणि पुढे डाइन ठरवलेल्या बायकांसाठी गावोगाव उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ती झारखंडच्या छुटनी महातो यांनाही मिळाली. त्यांना स्वतःलाच डाइन ठरवून गावाने छळलं होतं.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. २० ऑगस्टला या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत करणीच्या आळाबाबत बाई-पुरुष असा भेद नाही, 'व्यक्ती' आहे. (मराठीत हा शब्दही स्त्रीलिंगी, पण ते असो.) अमकी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते असं भासवणं हाच तिथे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय पाच ते पन्नास हजार रुपये दंड. म्हणजे मारहाण होईपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या गावात कुणा बाईबद्दल अशी कुजबुज सुरू झाली, तर ती नुसती ऐकून सोडू नका; पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्या.