बॅटरीवरची करवत: हात राखून वापरावी

पिस्तुलासारखी मूठ, पुढे लांबट तोंड आणि त्यातून बाहेर आलेले वीतभर पाते. खटका दाबला की पाते मिनिटाला दोन-तीन हजार वेळा मागे-पुढे धावते. वायर नाही, मागे फक्त एक बॅटरी खोचलेली. दुकानदार हिला ‘रेसिप्रोकेटिंग सॉ’ म्हणतात. माधव नगर-फ्रीगंजच्या आमच्या बऱ्याच घरांतून आता ही करवत दिसू लागली आहे. कोणाच्या मुलाने पुण्याहून आणून दिली, तर कोणी स्वतः मागवली. ‘फादर, हिच्याने पेरूची छाटणी होईल ना?’ असे विचारणारेही भेटतात. होईल. पण आधी चार गोष्टी समजून घ्याव्या, कारण या यंत्राला लाकूड आणि बोट यांतला फरक कळत नाही.

वायरची अशी करवत अमेरिकेतील मिलवॉकी या कंपनीने १९५१ साली ‘सॉझॉल’ नावाने बाजारात आणली. ती मुळात मोडतोडीच्या कामासाठी होती: जुनी चौकट काढणे, भिंतीतला पाइप तोडणे, खिळ्यांसकट फळी कापणे. १९९१ साली लिथियम-आयन बॅटऱ्या बाजारात आल्या. पुढे त्या अवजारांत बसल्या आणि हे गवंडी-प्लंबरचे हत्यार घरोघरी पोचले. उज्जैनमध्ये सध्या २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत. पुढची भिंत मागे घ्यावी लागली की जुने सागवानी दरवाजे, सळया व नळ काढण्याचे काम पुष्कळ लोक स्वतःच करतात, आणि बेसावध क्षण तेथेच येतो.

पहिली गोष्ट पात्याची. एकच पाते सगळ्याला चालते असे समजू नये. पात्यावर इंचाला किती दाते आहेत तो आकडा छापलेला असतो. ओल्या फांदीसाठी ५ ते ६ मोठे दाते हवेत, म्हणजे भुसा अडकत नाही. खिळे असलेल्या जुन्या लाकडासाठी १० च्या आसपास, आणि तेही बायमेटल पाते, कारण साध्या पोलादाचे दाते खिळ्यावर झडतात. लोखंडी पाइपासाठी १८ ते २४ बारीक दाते घ्यावेत. कापायच्या पत्र्याच्या जाडीत एका वेळी तीन दाते बसले पाहिजेत असा मिस्त्री लोकांचा हिशेब आहे, व तो बरोबर आहे. मोठ्या दात्यांचे पाते पातळ पाइपावर लावले तर दाता कडेला अडकतो, यंत्र हिसका देते आणि मनगट मुरगळते. लांबी अशी निवडावी की पाते पूर्ण मागे गेले तरी टोक पलीकडे थोडे बाहेर राहील. टोक आतच राहिले तर ते समोर आपटते व सगळे यंत्र आपल्या अंगावर येते.

पात्याच्या मुळाशी लोखंडाची एक चपटी पट्टी असते, तिला बूट म्हणतात. या यंत्राचे अर्धे शहाणपण त्या बुटात आहे. तो फांदीला किंवा पाइपाला घट्ट टेकवून मगच खटका दाबावा, आणि काप संपेपर्यंत टेकलेला ठेवावा. बूट सुटला की पाते कापत नाही, फांदीलाच हलवते, आणि हाताला गदागदा हादरे बसतात. जोर देऊन रेटण्याची गरज नाही. रेटावे लागत असेल किंवा धूर येत असेल तर पाते बोथट झाले आहे. नवीन घालावे, पात्याच्या किमतीत बोट परत मिळत नाही.

खटका सोडल्यावरही पाते क्षणभर धावत राहते. ते पूर्ण थांबल्याखेरीज यंत्र खाली ठेवू नये, आणि मांडीवर तर कधीच ठेवू नये. पाते बदलताना बॅटरी आधी काढावी. नुसता सुरक्षा-खटका लावून भागत नाही. शिवाय नुकते वापरलेले पाते चटका बसण्याइतके तापलेले असते.

दोन्ही हात यंत्रावर हवेत. यावरून एक गोष्ट ओघानेच येते: शिडीवर चढून हे यंत्र चालवू नये, कारण शिडी धरायला हात उरत नाही. खांद्याच्या वरची फांदी असेल तर माहीतगार माणूस बोलवावा. फांदीजवळून विजेची तार जात असेल तर १९१२ वर कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. भिंत कापताना घरचा मेन स्विच बंद करावा. आत वायर कोठून गेली आहे हे बांधणाऱ्यालाही आठवत नाही. डोळ्यांना बंद चष्मा, पायात बूट. पदर, उपरणे, सैल बाह्या आवरून घ्याव्या.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर मात्र ही करवत मुळीच लावू नये. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते व वर्षानुवर्षांनी कर्करोगाच्या रूपाने वर येते. असे पत्रे पाणी मारून, न तोडता, सबंध उतरवावेत.

आता छाटणीकडे वळू. अंगणातला कडुलिंब असो की मळ्यातला पेरू, जाड फांदी एका घावात कापली की ती आपल्याच वजनाने तुटते व खोडाची साल लांबपर्यंत सोलून नेते. म्हणून तीन काप घ्यावेत. खोडापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप. त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा काप, म्हणजे फांदी स्वच्छ खाली पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा, पण खोडाला अगदी लागून नव्हे. फांदीच्या बुडाशी सालीची जी फुगीर कडी दिसते ती शाबूत ठेवून तिच्या बाहेर कापावे. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून दाखवून दिले की जखम बंद करण्याची झाडाची व्यवस्था त्या कडीतच असते. डांबर फासण्याची आपली जुनी सवय त्यांच्या मते निरुपयोगी ठरली. संत्र्याच्या बागेत बुरशीसाठी बोर्डो पेस्ट लावतात ती गोष्ट वेगळी. तिचे प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी. शाजापूर-आगरकडे ज्यांची संत्री आहेत त्यांनी एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाते स्पिरिटने पुसावे व वाळल्यावरच यंत्र सुरू करावे, नाहीतर रोग आपणच वाहून नेतो. आणि शहरात सबंध झाड तोडायचे असेल तर मध्य प्रदेशच्या २००१ च्या वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. यंत्र घरचे आहे म्हणून झाड घरचे होत नाही.

हादऱ्यांविषयी लोक फारसे बोलत नाहीत. रोज तासन्‌तास असे यंत्र धरणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या येतात, पुढे थंडीत बोटे पांढरी पडतात व शर्टाचे बटण लावणे कठीण होते. एकदा बळावले की हे दुखणे सहसा मागे हटत नाही. घरच्या कामात पंधरा-वीस मिनिटांनी हात मोकळे करावेत. तंबाखू किंवा विडी ओढणाऱ्यांनी जास्त जपावे.

कापले तर स्वच्छ कापड घडी करून जखमेवर दाबावे, हात वर धरावा आणि दहा मिनिटे उचलून पाहू नये. हळद, चुना, कॉफी, तंबाखू काही भरू नये. बोट तुटून वेगळे झाले तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर ते निकामी होते. १०८ ला फोन करावा. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचे असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. डोळ्यात लोखंडाचा कण रुतला असेल तर चोळू नये, घरी काढू नये; डोळा झाकून नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

देखभाल फार नाही. काम झाल्यावर पात्याच्या कडीतील व हवेच्या झरोक्यांतील भुसा ब्रशने काढावा. यंत्र पाण्याने धुऊ नये. पात्याला चिकटलेला डिंक रॉकेलच्या फडक्याने पुसावा, आणि पावसाळ्यात पाते तेलाचा हात फिरवून ठेवावे.

बॅटरीला मात्र माया लागते. ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट’ या आकड्यांत फसू नये. दोन्हींत ओळीने तेच पाच सेल असतात, एक आकडा नेहमीचा व एक पूर्ण भरलेला. ४८ किंवा ८८ असे भव्य आकडे स्वस्त यंत्रांवर दिसले तर तो शाईचा पराक्रम समजावा. मे महिन्यात उज्जैनचा पारा ४२-४३ वर जातो. तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा स्कूटरच्या डिकीत बॅटरी ठेवू नये, आणि कामाने तापलेली बॅटरी गार झाल्यावरच चार्जिंगला लावावी. चार्जिंग माणूस जागा असताना, फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर करावे. सुटी बॅटरी खिळ्यांच्या डब्यात टाकू नये. दोन टोके जुळली की आग लागते. महिनाभर काम नसेल तर ती अर्धी भरून, यंत्रातून काढून ठेवावी. परदेशातून कोणी आणत असेल तर सुटी बॅटरी विमानात हातातल्या पिशवीतच न्यावी लागते. फुगलेली किंवा पडून तडा गेलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये व नगरपालिकेच्या कचरागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून ती दुकानदाराकडे न्यावी, आणि तो नाही म्हणाला तर कंपनीच्या सेवाकेंद्राचा पत्ता त्याच्याकडूनच लिहून घ्यावा.