वस्तऱ्याची धार घडते कशी?

न्हाव्याच्या धोकटीतला जुना वस्तरा तुम्ही पाहिला आहे काय? नसेल, तर आजोबांना विचारा. आता केशकर्तनालयात दर गिऱ्हाइकाला नवे पाते बसवतात, आणि ते योग्यच आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका त्यामुळे टळतो. पण पोलादाच्या एकाच पट्टीतून घडवलेला, मुठीत मिटणारा तो वस्तरा काही कारागीर आजही हाताने बनवतात.

समजा, असा वस्तरा आपल्याला बनवायचा आहे. आरंभ कोठून करायचा? भट्टीपासून नव्हे, कागद-पेन्सिलीपासून!

चाकूला धार लावताना तो दगडावर तिरका धरावा लागतो. वस्तऱ्याचे तसे नाही. तो सपाट टेकवला, की त्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. म्हणजे धारेचा कोन हाताच्या कौशल्यावर नव्हे, तर पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवर ठरतो. पात्याचा आडवा छेद काढून पाहा. तो एक समद्विभुज त्रिकोण आहे. पाठ हा त्याचा पाया आणि धार हा शिरोबिंदू. दाढीला सुमारे १७ अंशांचा कोन मानवतो. त्याचा अर्धा ८.५ अंश, आणि ८.५ अंशांचा साइन ०.१४८. पात्याची रुंदी १६ मिलिमीटर घेतली, तर पाठीची जाडी २ × १६ × ०.१४८, म्हणजे ४.७ मिलिमीटर हवी. पाठ ३ मिलिमीटरच ठेवली, तर कोन ११ अंशांच्या आत जातो आणि धार फार नाजूक होते. ७ मिलिमीटर ठेवली, तर तो २५ अंशांवर जातो. तो चाकूला चालेल, गालाला नाही! दहावीच्या त्रिकोणमितीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

आता पोलाद. यात सुमारे १ टक्का कार्बन असावा लागतो. करवत आणि कानस यांनी पट्टीला आकार देतात. मुठीच्या खिळीसाठी लागणारे भोकही याच वेळी पाडून घेतात, कारण पोलाद एकदा कठीण झाले की त्यात ड्रिल शिरत नाही. धारेकडची बाजू मात्र अजून मुद्दाम जाडसर ठेवतात. का, ते लगेच कळेल.

पुढची पायरी म्हणजे लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतात ती. पाते भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात. मधून मधून त्याला लोहचुंबक लावून पाहतात. चुंबक चिकटेनासा झाला, की पोलादाची अंतर्गत रचना बदलू लागली असे समजावे. आणखी थोडे, सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पाते झटकन तेलात बुडवतात. तापलेल्या लोखंडाच्या स्फटिकात कार्बनच्या अणूंना सामावून घ्यायला जागा असते. सावकाश थंड झाले, तर ते अणू बाहेर पडतात. पण एकदम थंड केल्यावर त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते जागच्या जागी अडकतात आणि स्फटिक ताणले जातात. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कठीण असते.

याच क्षणी कारागिराचा जीव टांगणीला लागतो. पाते एका बाजूने आधी थंड झाले, तर वाकते. धार पातळ असेल, तर तडकते. तेलातून बारीकसा ‘टिंग’ असा आवाज आला, की कित्येक दिवसांची मेहनत भंगारात गेली म्हणून समजा.

पाते वाचले, तरी ते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा, पण या वेळी सुमारे २०० ते २२० अंशांपर्यंतच तापवतात. याला टेंपरिंग म्हणतात. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर चढतो आणि वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग दिसतो. तो दिसताच थांबायचे. निळा रंग दिसू लागला, तर तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले आणि कठीणपणा उतरला. नंतर फिरत्या दगडी चाकावर दोन्ही बाजू खोलगट करतानाही हीच भीती असते. पातळ धार क्षणात तापते. म्हणून पाते वारंवार पाण्यात बुडवावे लागते.

शेवटी शिंगाच्या किंवा शिसवी लाकडाच्या दोन पट्ट्यांची मूठ पितळी खिळीने बसवतात. पाते मिटताना धार मुठीला कोठेही टेकता कामा नये. मग बारीक, त्याहून बारीक अशा दगडांवर धार पुढे ठेवून घासतात आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून परजतात. धार पुढे ठेवली, तर चामडेच कापले जाईल!

या विषयाचा मुंबईशीही संबंध आहे. दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इंग्लंडला पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली त्यांवर निबंध लिहिला. (शीर्षकात त्यांनी हे पोलाद मुंबईतच बनते असे म्हटले, ते चूक.) पुढे जेम्स स्टोडार्ट हे शस्त्रे-चाकू बनवणारे कारागीर आणि तरुण मायकेल फॅरडे यांनी वूट्झचा अभ्यास केला. पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिले. फॅरडे लोहाराचा मुलगा. आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे त्याने मित्रांना भेट दिले!

केसाहून पोलाद सुमारे ५० पट कठीण. तरी वस्तरा बोथट का होतो? २०२० साली अमेरिकेतील एम.आय.टी.च्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून याचा शोध घेतला. धार केवळ झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस तिरका वाकला आणि पोलादाची सूक्ष्मरचना जेथे एकसारखी नाही नेमक्या तेथे भिडला, की टवका निघतो.

वस्तरा घरी बनवू नका. पण शिक्षकांच्या देखरेखीखाली, डोळ्यांना चष्मा लावून, शिवणाच्या तीन जाड सुया चिमट्यात धरून बर्नरवर लाल करा. एक हवेत सावकाश थंड होऊ द्या. दुसरी पाण्यात बुडवा. तिसरी पाण्यात बुडवून, घासून चकचकीत करा आणि निळी होईपर्यंत हलकेच पुन्हा तापवा. थंड झाल्यावर प्रत्येक सुई दोन चिमट्यांत धरून वाकवा आणि काय होते ते वहीत लिहून ठेवा.