उंची थांबली, तरी हाडं घडतच असतात

वाढीच्या संप्रेरकाची, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनची कमतरता असलेल्या मुलाच्या घरी सगळ्यांचं लक्ष उंचीकडे असतं. रोज रात्री इंजेक्शन आणि दर काही महिन्यांनी मोजणी. हे साहजिकच आहे. पण हाडांची पारखही उंचीच्याच पट्टीने केली, तर दोनदा फसगत होते.

पहिली फसगत तपासणीत होते. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन हाडातल्या खनिजाला त्याच्या सपाट प्रतिमेच्या क्षेत्रफळाने भागतो. हाडाची जाडी त्याला कळत नाही. एकाच पदार्थाचे दोन ठोकळे घ्या, एकाची प्रत्येक बाजू २ सेंटिमीटर, दुसऱ्याची ३. या हिशेबात मोठा ठोकळा दीडपट दाट ठरेल! म्हणूनच ठेंगण्या मुलाची धडधाकट हाडंही अहवालात विरळ दिसू शकतात.

ब्राझीलच्या सर्जिपे राज्यातल्या इताबायानिन्या भागात एका जनुकीय दोषामुळे अनेकांना जन्मापासूनच हे संप्रेरक अत्यल्प मिळतं. त्यांपैकी कित्येकांनी कधीच उपचार घेतलेले नाहीत. संशोधकांनी त्यांच्या हाडांची घनता आकारमान धरून तपासली, तेव्हा हाडं लहान निघाली, पण विरळ नाही. त्यामुळे मुलांचा अहवाल वाचताना तरुण प्रौढांशी तुलना करणारा टी स्कोअर उपयोगाचा नाही. वय आणि लिंगानुसार काढलेला झेड स्कोअर पाहायचा, आणि तोही उंचीचा विचार करून.

दुसरी फसगत उंची पूर्ण झाल्यावर होते. हाडांच्या टोकांजवळच्या वाढपट्ट्या मिटल्या की ‘आता इंजेक्शन कशाला?’ असं वाटू लागतं. पण हाडांत खनिज साठणं विशीच्या मध्यापर्यंत चालू असतं, आणि पुढच्या आयुष्याची मदार याच साठ्यावर असते. ग्रोथ हॉर्मोन स्वतः आणि यकृतातून स्रवणाऱ्या आयजीएफ-१ या घटकामार्फत हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देतं. त्याने स्नायूही वाढतात, आणि स्नायूंच्या ओढीने हाड बळकट होतं.

म्हणून उंची पूर्ण झाली की औषध किमान महिनाभर थांबवून पुन्हा चाचणी करतात. लहानपणी कारण न सापडलेल्या अनेकांचं संप्रेरक आता पुरेसं निघतं, त्यांचे उपचार तिथेच संपतात. ज्यांची कमतरता कायम असते, त्यांना प्रौढांसाठीचा कमी डोस सुचवला जातो. प्रौढ वयात हे उपचार सुरू केल्यावर हाड झिजणं आणि बांधलं जाणं दोन्ही वेग घेतात. सुरुवातीच्या महिन्यांत घनता तशीच राहते किंवा किंचित घटते, लाभ वर्ष-दीड वर्षाने दिसू लागतो. पहिला स्कॅन निराशाजनक आला म्हणून औषध सोडू नये.

ग्रोथ हॉर्मोन जिथून स्रवतं त्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीची इतर संप्रेरकंही कमी असतील तर जास्त जपावं लागतं. लैंगिक संप्रेरकं वेळेवर न मिळाल्यास हाडांचं नुकसान होतं, आणि कॉर्टिसोलच्या जागी दिलेलं औषध गरजेपेक्षा जास्त झालं तरीही. ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी, दूध किंवा नाचणीतून मिळणारं कॅल्शियम आणि धावणं-उड्या मारणं हे सगळ्यांनाच लागू.

ही मुलं मोठी होता होता बालरोग विभागातून बाहेर पडतात आणि बऱ्याचदा तपासणीही तिथेच सुटते. त्या शेवटच्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत: पुन्हा चाचणी कधी, हाडांचा पुढचा स्कॅन कधी, आणि यापुढे कोणत्या डॉक्टरांकडे जायचं?