एका तिकिटात सगळं

म्हशाच्या जत्रेत पिक्चरचे तंबू शेजारी शेजारी लागायचे. एकात संतपट, दुसऱ्यात दादा कोंडके, तिसऱ्यात हाणामारी. तिसऱ्या तंबूच्या पोस्टरवर वाघ होता. पौष पौर्णिमेला कशेळीहून भिवंडी, तिथून कल्याण, पुढे मुरबाड करत म्हशाला पोचेपर्यंत दिवस कलायचा आणि आजोबा पहिलं वाक्य टाकायचे, "एकच बघायचा. कोणता ते ठरवा." आजी सोबत असल्याने ठरलेलंच असायचं. वाघ मी कधी पाहिला नाही.

तेव्हापासून डोक्यात एक किडा आहे: देवाचा पिक्चर वेगळा, हसायचा वेगळा, मारामारीचा वेगळा, ही वाटणी केली कोणी? शोधायला लागलो आणि लक्षात आलं, की सुरुवातीच्या प्रेक्षकाला माझ्यासारखं निवडावं लागतच नव्हतं. त्याला एका तिकिटात सगळं मिळत होतं.

७ जुलै १८९६. वॉटसन हॉटेल, मुंबई, ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ. ही तारीख पाठ नसलेला वाचक दिवाळी अंक उघडत नाही, म्हणून पुढे जातो. फक्त त्या दिवशीच्या सहा तुकड्यांकडे बघा: आगगाडी येते, भिंत पाडतात, पोरं समुद्रात उड्या मारतात, कामगार कारखान्यातून सुटतात. गोष्ट एकातही नाही. लोक 'कसला' पिक्चर ते बघायला आलेच नव्हते. चित्र हलतं, एवढं बघायला आले होते.

पण त्याच्याही आधी, आमच्या कशेळीच्या पुलाखालून जे पाणी जातं त्याच उल्हास नदीच्या वरच्या अंगाला, कल्याणात एक खटाटोप चालू होता. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले आणि त्याला नाव दिलं 'शांबरिक खरोलिका'. शंबरासुराच्या मायेवरून शांबरिक. आज हे नाव उच्चारताना जीभ अडखळते, तेव्हाही अडखळत असणार. पण नावातच जादूचा वास हवा, ही समज पक्की होती. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, त्यांच्यामागे दिवा, समोर पडदा. एकाच आकृतीच्या थोड्या थोड्या फरकाच्या काचा, एकाहून जास्त दिव्यांतून, चटाचट बदलायच्या. हात हलतो, मान वळते. सोबत निवेदन, संवाद, गाणं. मुलं विनायक आणि रामचंद्र हाताखाली तयार झालेली. रामायण-महाभारतातली आख्यानं तर होतीच, पण त्यांच्या जोडीला सर्कशीची दृश्यंही होती. सीता स्वयंवराच्या शेजारी कसरतपटू! आमच्या सिनेमाच्या इतिहासात पटवर्धनांना एक परिच्छेद मिळतो, तोही 'पूर्वपीठिका' या मथळ्याखाली. मला तो कंजूषपणा वाटतो. ल्युमिएरचा पडदा मुंबईत लागायच्या आधी कल्याणात एक घर चित्र हलवत होतं, ही काही तळटीप नव्हे.

पुढे तंबू आले. मूळचे सुरतेचे अब्दुलअली इसुफअली १९०१पासून ब्रह्मदेश, सिंगापूर, सुमात्रा असे तंबू घेऊन फिरले. एका खेळात चाळीस-पन्नास छोटी चित्रं: विनोदी, प्रवासाची, खेळांच्या सामन्यांची, राणी व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेची. १९१४ साली त्यांनी आर्देशिर इराणींबरोबर मुंबईचं अलेक्झांड्रा थिएटर घेतलं. याच इराणींनी पुढे 'आलम आरा' काढला, हे सांगायला नको.

आता फाळक्यांकडे येतो, कारण माझा खरा ओढा तिकडे आहे आणि माझी तक्रारही तिथेच आहे.

दादासाहेब म्हटलं की राजा हरिश्चंद्र, कृष्ण, मारुती. पण ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच तिकिटात काय होतं? आयरीन डेलमार नावाच्या बाईंचं नृत्य, मॅक्लेमेंट्स जोडीचा विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर, वर 'टिप-टॉप कॉमिक्स'. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाच्या आजूबाजूला हा सगळा तमाशा. त्या खेळाची जाहिरात मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आवरेना. नंतर वाटलं, पटवर्धनांना यात काहीच विचित्र वाटलं नसतं.

फाळक्यांना सिनेमाचं वेड 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' बघून लागलं, ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते वर्ष १९१० की १९११, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्या वादापेक्षा चरित्रातली एक बारीक आठवण जास्त मोलाची वाटते. आदल्या दिवशी थोरल्या मुलाला घेऊन ते गिरगावच्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले होते आणि तिथे पाहिला प्राण्यांचा चित्रपट. घरी येऊन पोराने पडद्यावर जनावरं पाहिल्याचं सांगितलं, तर कोणाला खरं वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन गेले आणि ख्रिस्त भेटला. म्हणजे आठवण खरी धरली तर भारतीय चित्रपटाच्या मुळाशी ख्रिस्ताच्याही आधी जनावरं आहेत. माझ्या वाघाला एवढा तरी मान मिळू दे.

आणि फाळक्यांची स्वतःची पहिली करामत कुठली? कुंडीत लावलेला वाटाणा. लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर भांडवल हवं होतं आणि सावकाराला देवादिकांची गोष्ट सांगून पैसे सुटत नाहीत. त्यांनी कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडी थोडी फिल्म चालवत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात: माती फुटते, कोंब वर येतो, वेल चढते. 'अंकुराची वाढ'. हे पाहून यशवंत नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. पुराणपटांचा डोलारा उभा राहिला तो असा एका वाटाण्यावर.

पुढची यादीही हात सोडेना. 'मोहिनी भस्मासुर'बरोबर दाखवलेला 'पिठाचे पंजे' हा विनोदी तुकडा. महायुद्धाने कच्च्या फिल्मची टंचाई केली, तेव्हाची 'आगकाड्यांची मौज', जिच्यात काड्याच नट. तळेगावच्या काचकारखान्यावरचा माहितीपट. सिंहस्थाचं चित्रण. जादूचे प्रयोग करणारे 'प्रोफेसर केळफा', म्हणजे फाळके हे नाव उलटं वाचलेलं. आणि १९१७चा 'चित्रपट कसे तयार करतात', ज्यात स्वतः दादासाहेब काम करताना दिसतात.

कार्टून, विनोद, माहितीपट, जादू, वनस्पतिशास्त्र. एकाच माणसाने हे सगळं केलं आणि आपण त्याच्या गळ्यात पुराणपटांचा एक हार घालून मोकळे झालो. त्यांचे मोठे चित्रपट मी कर्तव्य म्हणून बघतो. 'कालिया मर्दन'मधली त्यांची लेक मंदाकिनी सोडली, तर तिथे नाटकाचा पडदा पूर्ण उतरलेला नाही. या छोट्या तुकड्यांतला माणूस मात्र यंत्राशी खेळतोय, त्याला काय काय जमतं ते चाचपतोय. मला हाच फाळके जास्त आधुनिक वाटतो.

यातलं उरलंय किती? फार थोडं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबीयांकडून जी रिळं मिळवली, त्यांच्यावर आपण आज जगतोय. 'चित्रपट कसे तयार करतात'चा तुकडा आहे. दादासाहेब फिल्मची पट्टी उजेडात धरून एकेक चौकट न्याहाळतात. तो तुकडा मी किती वेळा पाहिला असेल, सांगता येत नाही. कपाळावर आठी, डोळे बारीक केलेले. सुरुवातीच्या दिवसांत पिक्चर बघून बघून याच डोळ्यांची दृष्टी काही काळ गेली होती आणि उपचारांनी परत आली होती.

वाटाणा मात्र हरवला आहे.