स्वभाव बदलला, की नजर?

डाऊन सिंड्रोम असलेले मूल घरात जन्माला आले की आईवडिलांचे पहिले लक्ष त्याच्या हृदयाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. अशा बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. पुढे बोलणे, शाळा, थायरॉईड यांची चिंता लागते. डोळे मागे पडतात. त्यातून मोतीबिंदू म्हणजे आजोबांचा आजार, ही आपली पक्की समजूत. त्यामुळे पस्तीस-चाळीस वर्षांच्या मुलाला तो झाला असेल, अशी शंकाही मनाला शिवत नाही.

या अवस्थेत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले. अमायलॉइड हे प्रथिन ज्यापासून तयार होते, त्याचे जनुक याच गुणसूत्रावर आहे. हे प्रथिन मेंदूत साचत जाते आणि या व्यक्तींना स्मृतिभ्रंश लवकर गाठतो. तेच प्रथिन त्यांच्या नेत्रभिंगातही साचते, असे २०१० साली अमेरिकेतील एका संशोधनात आढळले.

भिंगातील प्रत्येक ठिपका मात्र घाबरण्याजोगा नसतो. पुष्कळ मुलांच्या भिंगात बारीक, निळसर-पांढरे कण दिसतात. त्यांनी दृष्टी सहसा अडत नाही, वर्षातून एकदा तपासणी पुरते. (बुबुळाच्या रंगीत भागावरील फिकट ठिपके तर मोतीबिंदू नव्हेतच.) काही थोडी बालके मात्र दाट मोतीबिंदू घेऊनच जन्मतात. डोळ्यात प्रकाश टाकला असता बाहुलीत लालसर चमक दिसायला हवी. ती दिसली नाही तर दिवस दवडू नयेत. अशा डोळ्याची शस्त्रक्रिया पहिल्या दीड-दोन महिन्यांत व्हावी लागते. त्यानंतर भिंग काढले तरी मेंदू पाहायला नीट शिकत नाही.

खरी फसगत होते ती प्रौढपणी. आपल्याला धूसर दिसते, हे ही मंडळी सांगत नाहीत. कालपर्यंत दुकानात माल लावणारा, मंदिराच्या पायऱ्या झरझर चढणारा मुलगा हळूहळू उंबऱ्याशी अडखळू लागतो, दिवेलागणीनंतर बाहेर पडायला नकार देतो, चिडतो, एका जागी बसून राहतो. घरचे म्हणतात, हट्टी झाला. कोणी म्हणतो, स्मृतिभ्रंश सुरू झाला. तो असूही शकतो. पण मोतीबिंदू काढता येतो, म्हणून आधी डोळे तपासावेत. अक्षरे वाचता न येणाऱ्यांची नजरही चित्रांच्या साहाय्याने मोजता येते.

‘तो कुठे वाचतो-लिहितो, शस्त्रक्रिया करून मिळवायचे काय?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतही ऐकू येतो. आईचा चेहरा ओळखणे, ताटातील घास दिसणे, भगवंतांची मूर्ती पाहणे यांची किंमत वाचनाहून कमी कशी? कर्मोदय म्हणून हात जोडून बसणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की वैयावृत्त्याला आपल्या शास्त्राने अंतरंग तपात स्थान दिले आहे ते कशासाठी?

आपल्या समाजाची नेत्रशिबिरे मोठे कार्य करतात. तरी या रुग्णांसाठी शिबिर ही सहसा योग्य जागा नव्हे. डोळ्यापुरत्या भुलेवर ते स्थिर राहतीलच असे नाही. अनेकदा पूर्ण भूल द्यावी लागते. त्यासाठी हृदयाची तपासणी हवी, आणि काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, ही गोष्ट भूलतज्ज्ञाच्या कानी आधीच घालायला हवी. म्हणून सर्व सोयींचे रुग्णालय निवडावे.

शस्त्रक्रियेनंतर डोळा चोळला जाण्याचा धोका असतो, आणि यांच्यापैकी अनेकांना ती सवय असतेच. डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब दोन आठवडे आधीपासून रोज ठरावीक वेळी घालावेत, रात्री डोळ्यावरचे झाकण बांधून पाहावे, म्हणजे नंतर झटापट होत नाही. थेंब घालण्याचे काम घरातील एकाच माणसाने करावे. ज्याचे तो ऐकतो, त्याने.