मुखचर्या आणि पाहणाराची दृष्टी

जेथे सुंदर आकृती तेथे गुणांची वस्ती, या अर्थाची जी जुनी संस्कृत उक्ती आहे, तिचा प्रतिध्वनी लग्न जमविण्याच्या बैठकीत आमच्या इस्लापुराकडे अद्यापही ऐकू येतो. मुलगी देखणी असली की तिचे मौन विनय ठरते. रूपाने बेताची असली की तेच मौन घुमेपणा ठरते. दोघींच्या मुद्रेत अंतर होते किंवा नाही, याची चौकशी कोणी करीत नाही.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. १९७२ साली अमेरिकेत कॅरन डायन, एलन बर्शीड व इलेन वॉल्स्टर या विदुषींनी विद्यार्थ्यांपुढे अनोळखी माणसांची छायाचित्रे ठेवली. देखणी माणसे स्वभावाने अधिक चांगली व संसारात अधिक सुखी असतील, असा कौल पडला. (चांगले आईबाप म्हणून मात्र त्यांस अधिक गुण मिळाले नाहीत, ही गंमत आमच्या वाचकांस आवडावी!) पुढे २०१९ साली ऑस्ट्रेलियातील लिंडबर्ग, क्रेग व लिप यांचा शोध प्रसिद्ध झाला. त्यांनी हसऱ्या व रागीट मुद्रा झटकन ओळखावयास लावल्या. हसरी मुद्रा लोक एरवीही लवकर ओळखतात. पण चेहरा देखणा असेल तर हा वेग विशेष दिसून आला. आमच्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे की, रूप पाहताच मन अनुकूल होते आणि हास्य त्या अनुकूलतेशी जुळते. राग जुळत नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात छत्तीस दृष्टी, भुवयांच्या सात क्रिया व चार मुखराग सांगितले. दृष्टींची ती लक्षणे पापणी, बुबुळ व भुवई यांच्या हालचालींवर बांधलेली आहेत, नाकाडोळ्यांच्या ठेवणीवर नव्हे. फ्रान्समधील वैद्य दुशेन यांनीही १८६२ साली हेच दाखविले की, खरे हसू ओठांपेक्षा डोळ्यांभोवतीच्या स्नायूंत ओळखावे. म्हणजे भाव वाचावयाचा तर सौंदर्य बाजूस सारून पाहावे लागते, आणि तेच कठीण!

नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांची गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरीही ते भामिनी म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. पित्याचे दुःख त्या लावण्यवती नायिकेच्या मुखाआड राहिले. हे श्रेय अर्थात अभिनयाचे. त्यावरून शास्त्राचा सिद्धांत काढणे योग्य होणार नाही. परंतु नटाने पडदा जाणून ओढलेला असतो. घरातील देखण्या सुनेवर तो पाहणाऱ्यांनीच ओढलेला असतो.

एकत्र कुटुंबात याचे परिणाम दोन्हीकडून भोगावे लागतात. रूपाने साधी असलेली सून भाकरी थापताना नुसती विचारात असली, तरी "का गं, तोंड का पाडलेस?" म्हणून सासूबाई हटकतात. तिला निदान कोणी विचारते तरी. तिची देखणी जाऊ शेजारीच भाजी निवडीत बसलेली असते. सकाळी माहेराहून आईच्या दुखण्याचा निरोप आलेला असतो, आणि "ही आपली सदा आनंदी" असे म्हणून सगळे घर जेवावयास बसते.